आजोबांच्या बाराबोअर बंदुकीचा नंबर घासला गेलाय, कारागीर म्हणतो पुन्हा पंच करून देतो. कायद्यात बसतं का?

ठाकूरद्वार_नाका (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

बाबा फेब्रुवारीत गेले. घरात आजोबांची दुनळी आहे, बाराबोअर, बर्मिंगहॅमची, आजोबांनी पन्नासच्या दशकात सेकंडहँड घेतलेली, तेव्हाच ती चाळीसेक वर्षं जुनी होती म्हणे. आजोबा महाडकडचे, शेतात रानडुकरं यायची म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना होता. १९७१ ला बिऱ्हाड गिरगावात आलं तेव्हा परवाना मुंबईला बदलून घेतला, नवीन पुस्तक झालं, आणि आजोबांनंतर ते बाबांच्या नावावर आलं. बाबांनी आयुष्यात एक गोळी झाडली नसेल पण दर दसऱ्याला ती खाली काढायची, तेलाचा हात मारायचा, झेंडूचं फूल वाहायचं आणि परत जुन्या धोतरात गुंडाळून कपाटावर, हे मी लहानपणापासून बघतोय.

आठ-दहा वर्षांपूर्वी गंज फार चढला म्हणून बाबांनी एकाकडे देऊन पॉलिश आणि ब्ल्यूइंग (लोखंडावर निळसर काळा थर चढवणं) करून घेतलं. कोणाकडे ते लिहीत नाही. त्याने बफवर धरून अशी काही चकचकीत केली की ट्रिगर गार्डच्या लांब पट्टीवर जो नंबर होता तो जवळजवळ गेला. परवा मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघितलं तर सुरुवातीला २, मग नुसता डाग, शेवटी ३४ एवढंच दिसतं. परवान्याच्या पुस्तकात २९६३४ आहे.

आता परवाना माझ्या नावावर करून घ्यायचाय आणि तपासणीत नंबर दिसला नाही तर काय, या काळजीने ओळखीतून एका कारागिराला फोन केला. तो म्हणाला साहेब पुस्तक घेऊन या, पुस्तकातला नंबर वाचून पंच मारतो, त्या काळच्या अक्षराचे डाय आहेत माझ्याकडे, पंधरा मिनिटांचं काम, कोणाला कळणारसुद्धा नाही. ते शेवटचं वाक्य ऐकून पोटात गोळा आला म्हणून इथे विचारतोय. मी नंबर बदलत नाहीये, जो होता तोच परत टाकतोय, तरी गुन्हा होतो का? आणि शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू असेल तर अँटिक म्हणून हे सगळं लागूच होत नाही असं एक मित्र म्हणतो, ते खरं का?

पाटणकर_काका

पुण्याला केळकर संग्रहालयात काय एकेक बंदुका आहेत, जरूर बघा. प्रश्नाचं उत्तर जाणकार देतीलच. बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं.

काळा_डगला

मी फोर्टात प्रॅक्टिस करते, आर्म्स अ‍ॅक्टच्या मॅटर्स अधूनमधून येतात. कागद न बघता देतेय तेव्हा हा रीतसर सल्ला समजू नका, पण एवढं ठामपणे सांगते की पंच मारून घेऊ नका. अजिबात नको.

आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ चं कलम ८ वाचा, छोटंसंच आहे. पहिलं पोटकलम म्हणतं की बंदुकीवरचं नाव, नंबर किंवा दुसरी कुठलीही ओळखखूण कोणीही खोडायची नाही, काढायची नाही, बदलायची नाही, बनावट करायची नाही. दुसरं म्हणतं असा नंबर-नाव नसलेली बंदूक विकायची किंवा कोणाच्या नावे करायची नाही. आणि तिसरं जे आहे ना ते तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: ज्याच्या ताब्यात अशी बंदूक सापडेल त्यानेच ते खोडलं किंवा बदललं असं कोर्ट गृहीत धरणार, नाही हे त्याने सिद्ध करायचं. नेहमी आपण म्हणतो की गुन्हा सरकारी पक्षाने सिद्ध करावा, इथे उलटं आहे. म्हणजे आज तुमच्याकडे घासलेला नंबर आहे, तो कसा घासला गेला हे तुम्ही खरं खरं सांगू शकता, पॉलिशची पावती असेल तर ती दाखवू शकता. उद्या त्यावर ताजा पंच मारलेला सापडला की ते खरं सांगायची सोयच संपली. "तोच नंबर होता" हे तुम्ही कशावरून दाखवणार, मूळ खूण तर पंचाखाली गेली.

मित्राचं अँटिकबद्दलचं अर्धं बरोबर आहे आणि अर्ध्यातच माणसं अडकतात. कलम ४५ मध्ये सूट आहे, जुन्या घाटणीची किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेली किंवा मोडकी बंदूक, पण पुढचे शब्द असे की जी दुरुस्त करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नाही. दुरुस्त करून सुद्धा! तुमची दुनळी बारा बोअरची आहे, काडतूस आजही दुकानात मिळतं, घोडे चालतात, म्हणजे ती शंभर काय दीडशे वर्षांची असली तरी कायद्याने बंदूकच.

आणि अजून एक, हे आधी सांगायला हवं होतं. बाबा फेब्रुवारीत गेले म्हणताय आणि बंदूक अजून घरात? परवाना त्यांच्या नावावर होता, तुमच्या नाही. कलम २१ प्रमाणे ताबा कायदेशीर राहिला नाही की विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करायची असते. आधी फोन करून विचारा, मृत्यू दाखला आणि परवान्याचं पुस्तक जवळ ठेवा आणि उद्याच जमा करा. नंबरचं नंतर बघू.

ठाकूरद्वार_नाका

बापरे. हे जमा करायचं डोक्यातच आलं नव्हतं, तेरावं, बँक, सोसायटीचे कागद यातच चार महिने गेले. उद्या सकाळीच करतो. आभार वकीलताई.

खाकी_निवृत्त

ताईंनी बरोबर सांगितलंय. मी ३३ वर्षं मुंबई पोलिसात होतो, त्यातली काही परवान्याच्या कामात. जमा करायला जाल तेव्हा एक करा, पावतीवर बंदुकीचं वर्णन लिहिताना पोलीस किंवा डीलर नंबर विचारतील, तेव्हा पुस्तकात बघून नंबर सांगू नका. बंदुकीवर जे दिसतंय तेच लिहायला सांगा, "नंबर अस्पष्ट, २ _ _ ३४ वाचता येतो" असं. हात जोडून सांगतोय, कारण तिथेच सगळा घोळ होतो. इलेक्शनच्या वेळी आम्ही शेकडो हत्यारं जमा करून घ्यायचो, टेबलावर रांग लागलेली, लोक पुस्तक पुढे करायचे आणि कर्मचारी पुस्तकातून नंबर उतरवून पावती फाडायचा. बंदूक उलटी करून बघायला वेळ कोणाला. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांची रायफल परत देताना मी स्वतः नंबर वाचला तर एक आकडा जुळेना. ते बिचारे घामाघूम झाले, त्यांना वाटलं आम्ही बंदूक बदलली, मला वाटलं त्यांनी बदलली. मागच्या पाच पावत्या काढल्या, सगळ्यांवर पुस्तकातलाच चुकीचा नंबर. म्हणजे पाच वेळा पोलिसांनी ती बंदूक हातात घेतली आणि एकदाही वाचली नाही. त्यात त्यांचा गुन्हा काही नव्हता पण ते सिद्ध होईपर्यंत त्यांना जो त्रास झाला तो मी बघितलाय.

दुसरं, कारागीर म्हणतो कोणाला कळणार नाही. कळतं. कलिन्याच्या फॉरेन्सिक लॅबमध्ये हे रोजचं काम आहे. पंच मारला की खाली धातू दाबला जातो, वरून घासून सपाट केलं तरी खाली दाबलेला भाग वेगळाच राहतो आणि त्यावर ठराविक रसायनं लावली की आकडे वर दिसायला लागतात. जुन्यावर नवीन मारला असेल तर बऱ्याचदा दोन्ही दिसतात. आणि या कायद्याखालचा प्रत्येक गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, हे लोकांना माहीत नसतं.

जुनं_ते_जपू

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. मी जुनी घड्याळं, ग्रामोफोन, दोन जुन्या मोटरसायकली रिस्टोअर केल्यात, बंदूक नाही. रिस्टोरेशन म्हणजे वस्तू जशी होती तशी करणं. झिजलेलं नक्षीकाम आपण परत कोरतो, डायलवरचे आकडे परत रंगवतो, मग झिजलेला नंबर तोच परत टाकला तर बनावट कसं? गाडीचा चेसिस नंबर गंजला तर आरटीओच्या परवानगीने परत पंच करतातच की. आणि यूट्यूबवर अमेरिकेतले लोक शंभर वर्षं जुनी पिस्तुलं अगदी लोखंडाच्या ढेकळासारखी आणून नवी करतात, नंबरसकट सगळं झळझळीत.

काळा_डगला

तुमच्या उदाहरणातच उत्तर आहे हो, "आरटीओच्या परवानगीने". चेसिस नंबर तुम्ही गॅरेजमध्ये स्वतः मारला तर तिथेही पोलीस दारात येतील. प्रश्न अक्षर तेच आहे का हा नाहीच, ते कोणी आणि कोणाच्या अधिकाराने टाकलं हा आहे. शिवाय बंदुकीच्या बाबतीत नुसती दुरुस्ती करायलासुद्धा परवाना लागतो, कलम ५ मध्ये बनवणं, विकणं याच्या शेजारीच "दुरुस्त करणं" लिहिलंय. तेव्हा बाबांनी ज्याला पॉलिशला दिली त्याच्याकडे तसा परवाना होता का हाही प्रश्न आहे, पण ते बाबांबरोबर गेलं, आता उकरू नये. धागाकर्त्यांनी मात्र ओळखीतल्या कारागिराकडे बंदूक न्यायचीच नाही, पंच असो नाहीतर नुसता स्क्रू बदलणं असो.

न्यूजर्सीकर

अमेरिकेचा विषय निघाला म्हणून. इथे राहून मला हे थोडं माहीत आहे कारण शेजारी कलेक्टर आहे. इथल्या फेडरल कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक अँटिक धरतात आणि ती "फायरआर्म" च्या व्याख्येतूनच बाहेर जाते, म्हणून त्या व्हिडिओतले लोक निर्धास्त दिसतात. पण १८९८ नंतरची असेल आणि तिचा नंबर काढलेला किंवा बदललेला असेल तर ती नुसती जवळ ठेवणं हाही फेडरल गुन्हा आहे. गंमत म्हणजे १९६८ च्या कायद्याआधी प्रत्येक बंदुकीवर नंबर असलाच पाहिजे असं नव्हतं, तेव्हाच्या कितीतरी स्वस्त शॉटगन नंबराशिवायच बाहेर पडल्या, त्या तशाच ठेवल्या तर काही नाही. म्हणजे मुळात नव्हता ते चालतं, होता आणि घालवला ते चालत नाही. वेस्ट व्हर्जिनियाच्या एका कोर्टाने २०२२ मध्ये हा नंबरचा नियमच घटनाबाह्य ठरवला होता, वरच्या कोर्टाने २०२४ मध्ये तो निकाल फिरवला. आणि राज्यांचे कायदे वेगळे, ते अजून कडक असतात. माझा शेजारी तर नंबर असलेल्या भागावर ब्रशसुद्धा हलक्या हाताने फिरवतो. तेव्हा व्हिडिओ बघून आपल्याकडे काही करू नये, तिथला १८९८ चा आकडा आपल्या कायद्यात नाहीच.

देवगडकर

माझा प्रश्न याला लागूनच आहे. आमच्या गावच्या घरी ठासणीची बंदूक आहे, पणजोबांपासूनची, शेतीसंरक्षण परवाना चुलत्यांच्या नावावर, वानर आणि डुकरांनी आंब्या-फणसाचं काय करून ठेवलंय ते कोकणातल्यांना सांगायला नको. तिच्यावर नंबरच नाही. कधीच नव्हता, गावच्या लोहाराने नळी बसवलेली. परवान्यावर नळीची लांबी आणि "दस्त्यास पितळी पट्टी, डाव्या बाजूस चीर" असं लिहिलंय. तिसऱ्या पोटकलमात तर "नंबर नसलेली" पण धरलीय ना ताई? मग आम्हीच खोडला असं होणार का?

काळा_डगला

देवगडकर, चांगला मुद्दा काढलात. हो, नंबर नसलेली बंदूकही त्या गृहीतकात येते. कायदा १ ऑक्टोबर १९६२ ला लागू झाला तेव्हा अशा बंदुका बाळगणाऱ्यांना एक वर्ष दिलं होतं, त्यानंतर गृहीतक सगळ्यांना लागू. पण "उलट सिद्ध होईपर्यंत" हे शब्द आहेत ना, तुमच्यासाठी तो परवान्यावरचा पितळी पट्टी आणि चिरेचा उल्लेख म्हणजे सोनं आहे. ज्या अधिकाऱ्याने ते लिहिलं त्याने बंदूक नंबराशिवाय बघितली आणि तरी परवाना दिला. ते जुनं पुस्तक प्लास्टिकमध्ये घालून ठेवा, नूतनीकरणाच्या वेळी वर्णन नवीन पुस्तकात शब्दशः उतरलंय का बघा. आणि विकायची किंवा दुसऱ्याच्या नावे करायची वेळ आली तर दुसरं पोटकलम आडवं येईल, तेव्हा आधी जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा. पट्टी बदलू नका, चीर बुजवू नका.

शिल्पदालन

मी एका संग्रहालयात जतनाचं काम करते, धातूच्या वस्तू हाताळते. कायद्याचं वकीलताई सांगतायत, मला "जुनं ते जपू" यांच्याशी बोलायचंय कारण त्यांचा हेतू चांगला आहे आणि हीच चूक मी चांगल्या हेतूच्या माणसांकडूनच झालेली बघते.

रिस्टोरेशन आणि जतन यात फरक आहे. वस्तू नवी दिसावी म्हणून आपण जे करतो त्यात तिने आजवर जे साठवलं ते जातं. बंदुकीवर नुसता नंबर नसतो. बर्मिंगहॅमच्या बंदुकीची नळी उघडून खालची सपाट बाजू बघा, तिथे प्रूफ हाऊसचे छोटे शिक्के असतात, मुकुट आणि त्याखाली अक्षरं किंवा जुन्या असतील तर मुकुटासह एकमेकांवर तिरके राजदंड. ते प्रूफ हाऊस १८१३ पासून आहे, नळीत जास्त दारू भरून उडवून बघायचे आणि टिकली तरच शिक्का. शिक्का कुठल्या घाटणीचा आहे यावरून बंदूक साधारण कुठल्या वर्षांतली ते कळतं. नंबरावरून बनवणाऱ्याच्या वह्या उपलब्ध असतील तर ती कोणासाठी बनली तेही कधी कधी सापडतं. हे शिक्के पॉलिशच्या चाकावर दहा सेकंदात जातात आणि परत येत नाहीत. इंग्लंडात प्रूफचे शिक्के बनावट करणं हा १८६८ च्या कायद्याने वेगळा गुन्हा आहे, ते उगीच नाही, पातळ झालेली नळी नव्या दारूने फुटली की हात जातो माणसाचा.

आणि धागाकर्ते, तुम्हाला एक विचारायचंय. नंबर फक्त ट्रिगर गार्डवरच बघितलात का? इंग्लिश दुनळीवर तो बहुधा एकाच जागी नसतो. नळ्यांच्या खालच्या बाजूला आणि पुढच्या लाकडाच्या आतल्या लोखंडावरही असतो, कारण कारखान्यात सगळे भाग एकाच बंदुकीचे राहावेत म्हणून तो घालत. बाहेरून पॉलिश करणारा माणूस आत जाईलच असं नाही. पण स्वतः उघडू नका, डीलरकडे जमा केली असेल तर तिथे त्यांच्याकडूनच बघून घ्या.

ठाकूरद्वार_नाका

जमा केली, फोर्टातल्या एका डीलरकडे, पावती मिळाली, "नंबर अस्पष्ट" असंच लिहून घेतलं काका. दुकानातल्या माणसाने आधी पुस्तक मागितलं तेव्हा तुमचं वाक्य आठवलं.

शिल्पदालनताई तुम्ही सांगेपर्यंत मला माहीतच नव्हतं की दुसरीकडे नंबर असू शकतो. शनिवारी जातो.

जुनं_ते_जपू

शिल्पदालनताई, पटलं. मोटरसायकलीच्या इंजिनावरचा नंबर मी स्वतः वायरब्रशने घासलाय हे आठवून आता बरं वाटत नाहीये. एक शंका, वर अँटिकचं झालं, पण मध्यंतरी २०२० मध्ये क्युरिओ (संग्रहाच्या जुन्या दुर्मिळ) बंदुकांना परवाना लागत नाही असं पेपरात आलं होतं ते काय?

काळा_डगला

आलं होतं, फेब्रुवारी २०२० ची गृह मंत्रालयाची अधिसूचना. क्युरिओ या वर्गात बसणारी छोटी शस्त्रं भारतीय नागरिकाला घ्यायला आणि बाळगायला परवाना लागणार नाही, पण वापरायला, बरोबर न्यायला, वाहतुकीला लागणार, आणि परवान्यावर तशी नोंद नसेल तर काडतुसं मिळणार नाहीत. लोक पहिलं वाक्य वाचून थांबतात. या वर्गात आपली वस्तू बसते की नाही हे आपण ठरवायचं नसतं, परवाना अधिकाऱ्याकडून लेखी घ्यायचं. आणि कलम ८ मधली नंबर खोडायची मनाई क्युरिओ म्हणून उठते असं मी तरी कुठल्याही अशिलाला सांगणार नाही. धागाकर्त्यांच्या वडिलांचा तर रीतसर परवाना होता, त्यांनी त्या वाटेला जायचंच कशाला, वारस म्हणून अर्ज करा, आई आणि बाकी वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं जोडा.

(शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर न्यायचा विचार कोणाच्या मनात असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा वेगळा, खाजगी माणसाला निर्यात बंद आहे.)

ठाकूरद्वार_नाका

मंडळी, शनिवारी जे झालं ते लिहिताना अजून हात थरथरतोय.

डीलरकडचे वयस्कर गृहस्थ आहेत, त्यांनी आधी खटका दाबून पुढचं लाकूड काढलं, मग नळ्या वेगळ्या केल्या, पांढऱ्या फडक्यावर तिन्ही भाग ठेवले. लाकडाच्या आतल्या लोखंडावर जुनं तेल सुकून काळी साय धरलेली. ती त्यांनी कापडाने नुसती टिपून घेतली, घासली नाही, आणि भिंग माझ्या हातात दिलं. आकडे ताजे कोरल्यासारखे. दोन, एक, सहा, तीन, चार. मी म्हटलं नऊ असेल बघा, पुस्तकात २९६३४ आहे. ते काही बोलले नाहीत, नळ्या उलट्या करून पुढे ठेवल्या. खाली सपाट बाजूला मुकुटाचे शिक्के, ताईंनी सांगितले तसे, आणि त्यांच्या बाजूला परत २१६३४. दोन्हीकडे एक. नऊ कुठेच नाही.

म्हणजे पुस्तकच चुकीचं. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली आजोबांचं महाडचं जुनं पुस्तक ट्रंकेत असेल. सापडलं. १९६३ चं, मराठीत, शाईने हाताने लिहिलेलं, आणि त्यातला एकाचा आकडा असा काढलाय की वरचा गोल मोठा आणि शेपूट उजवीकडे वळलेली, १ म्हणा की ९ म्हणा. १९७१ ला मुंबईत नवीन पुस्तक करताना कोणीतरी तो ९ वाचला असणार आणि इंग्रजीत नऊ लिहून टाकला, आणि तेव्हापासून प्रत्येक नूतनीकरणात तोच नऊ पुढे आला. माझे आजोबा, बाबा, दोघंही आयुष्यभर चुकीच्या नंबराचं पुस्तक सांभाळत होते.

आणि मी त्या कारागिराकडे पुस्तक घेऊन गेलो असतो. त्याने पुस्तकातला २९६३४ ट्रिगर गार्डवर मारला असता, आत दोन ठिकाणी २१६३४ राहिला असता, आणि सही माझी असती. दोन रात्री झोप नाही मला.

खाकी_निवृत्त

देव पावला तुम्हाला. आता घाई करू नका. डीलरकडून त्यांच्या लेटरहेडवर लिहून घ्या की तपासणीत अमुक दोन भागांवर हा नंबर स्पष्ट आहे आणि ट्रिगर गार्डवरचा झिजलेला आहे. फोटो काढायला त्यांच्यासमोरच काढा, बाजूला मोजपट्टी ठेवा. १९६३ च्या पुस्तकाची झेरॉक्स, मूळ पुस्तक कोणालाही देऊ नका, फक्त दाखवा. आयुक्तालयात वारसाच्या अर्जाबरोबरच नंबर दुरुस्तीचा वेगळा अर्ज द्या, दोन्हीची पोच घ्या. ऑनलाइन नोंदीत युआयएनसमोरही (परवान्याचा ओळख क्रमांक) जुना चुकीचा नंबरच असणार, तोसुद्धा दुरुस्त करायला अर्जात लिहा, नाहीतर पुस्तकात बरोबर आणि कॉम्प्युटरमध्ये चूक असं होईल आणि पुढच्या पिढीला परत हाच धागा काढावा लागेल. साहेबांनी बंदूक बघायला मागवली तर डीलरमार्फतच न्या.

शिल्पदालन

खूप बरं वाटलं वाचून. ती काळी साय तशीच ठेवायला सांगा, तिनेच नंबर वाचवला.

न्यूजर्सीकर

तो १ आणि ९ चा घोळ! माझ्या आजीच्या जन्मतारखेचं असंच झालं होतं, पासपोर्टला सहा महिने लागले. तुमचं काम होऊ दे.

ठाकूरद्वार_नाका

अपडेट देतो, सात आठवडे झाले. दोन्ही अर्ज दिले. ताईंनी प्रतिज्ञापत्राचा मसुदा कसा असावा ते सांगितलं त्याचे आभार, त्यांनी फी घ्यायला नकार दिला. स्थानिक पोलीस ठाण्यातून चौकशीला बोलावलं, तिथल्या अधिकारी बाईंनी विचारलं की पॉलिश कोणी केलं, मी म्हटलं बाबांनी करून घेतलं होतं, पावती सापडली नाही, जे माहीत आहे तेवढंच सांगतो. त्यांनी १९६३ चं पुस्तक भिंगाखाली पाच मिनिटं बघितलं, मग डीलरकडे येऊन बंदूक उघडायला लावली आणि तिन्ही ठिकाणची नोंद पंचनाम्यात घेतली, ट्रिगर गार्डवरचा "झिजलेला, अंशतः वाचनीय" असा. तो तसाच ठेवायचाय, त्यावर काहीही करायचं नाही असं मी स्वतःहून लिहून दिलं. काल नंबर दुरुस्तीचं पत्र आलं. वारसाच्या परवान्याला अजून वेळ आहे, बहिणीची ना-हरकत डोंबिवलीहून यायचीय, तोपर्यंत बंदूक डीलरकडेच. यंदा दसऱ्याला ती घरी नसेल, आई म्हणाली पावतीला फूल वाहू.

कारागिराचा परत फोन आला होता, डाय तयार आहेत म्हणून. त्याला शांतपणे कलम ८ सांगितलं आणि हेही सांगितलं की बाबा रे, तू आजवर असे किती मारलेस मला माहीत नाही पण पुढे मारू नकोस, पुस्तकंसुद्धा चुकतात. तो बराच वेळ गप्प होता.

देवगडकर

वाचून आमच्या घरची काळजी वाढली आणि कमीही झाली. चतुर्थीला गावी जातोय. परवान्यावरची नळीची लांबी इंचात आहे की तसूत हेच कोणाला माहीत नाही घरात. चुलत्यांसमोर टेप लावून मोजतो, पितळी पट्टी आणि ती चीर यांचे फोटो काढून परवान्याच्या बाजूला ठेवून बघतो जुळतंय का. नाही जुळलं तर वकीलताई, तुम्हाला त्रास द्यायला येईन.

काळा_डगला

या. मोजताना नळीच्या तोंडापासून मोजताय की कानापासून (दारू पेटवायचं भोक) ते लिहून ठेवा. आणि आधी भरलेली नाही ना ते चुलत्यांना बघू दे, गज घालून, तुम्ही नाही.